पीएसए उतरला, पण स्कॅनवर डाग वाढले. मग औषध लागू पडतंय का?

प्रोस्टेटच्या कॅन्सरचा इलाज सुरू होऊन तीन महिने झालेले असतात. अब्बांच्या कमरेचं दुखणं कमी झालेलं असतं, रात्री झोप लागते, रक्ताच्या तपासणीत पीएसए १८० वरून १२ वर आलेला असतो. घरातले सगळे जरा निवांत होतात. आणि मग बोन स्कॅनचा रिपोर्ट हातात पडतो. त्यात लिहिलेलं असतं की बरगड्यांमध्ये आणि मणक्यात ‘न्यू लिजन्स’, म्हणजे नवे डाग दिसत आहेत. मुलगा रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतो. संध्याकाळपर्यंत निम्म्या खानदानाचं मत पडतं की औषध लागू पडलेलं नाही, इतका पैसा वाया गेला, आता हे बंद करून दुसरं काहीतरी बघू या. काही घरांत गोळ्या खरोखरच बंद होतात, डॉक्टरांना न विचारता.

उर्दू-मराठीबरोबर थोडं इंग्रजीही वाचता येत असल्यामुळे असे कागद घेऊन मोहल्ल्यातले लोक माझ्याकडे येतात. मी शिक्षक आहे, डॉक्टर नाही. कुणी कुठला इलाज घ्यावा हे सांगणं माझं काम नाही. पण वर सांगितल्यासारखा रिपोर्ट आला तर त्याचे दोन अर्थ निघू शकतात आणि त्यातला एक अर्थ चांगला असतो, हे घरच्यांना माहीत असायला हवं. कारण लागू पडत असलेलं औषध मध्येच सोडणं हे या आजारात फार महागात पडतं.

आधी आजाराबद्दल थोडंसं. प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली असलेली, साधारण आक्रोडाएवढी ग्रंथी फक्त पुरुषांत असते. तिचा कॅन्सर पुढे गेला की तो बहुतेक वेळा हाडांत आणि पोटातल्या लसीका ग्रंथींत पसरतो. मणका, कंबरेची हाडं, बरगड्या ही त्याची आवडती ठिकाणं. म्हणूनच आपल्याकडे पुष्कळ पेशंट लघवीच्या तक्रारीपेक्षा कंबरदुखी घेऊन दवाखान्यात येतात, तेही उशिरा. लघवीचा त्रास बुजुर्ग माणूस घरात सांगत नाही, सुनेसमोर तर नाहीच. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांचा प्रोस्टेट कॅन्सर मे २०२५ मध्ये जाहीर झाला, तेव्हा तोही हाडांपर्यंत पोहोचलेला होता.

हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसतो. ते हार्मोन तोडलं की कॅन्सर आक्रसतो, हे चार्ल्स हगिन्स या डॉक्टरांनी १९४१ साली दाखवून दिलं आणि त्याबद्दल त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं. (परळचं टाटा हॉस्पिटल सुरू झालं तेही १९४१ मध्येच.) आजची इंजेक्शनं, अबिरॅटेरोन, एन्झालुटामाइड या गोळ्या, सगळ्यांचं मूळ तिथेच आहे. आजार फार पसरलेला असेल तर सोबत डोसेटॅक्सेलची केमोही देतात.

मग औषध काम करतंय की नाही हे कळणार कसं? पहिली गोष्ट म्हणजे पीएसए. ही रक्ताची तपासणी कराडमध्ये कुठेही होते, स्वस्त आहे, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगते. पण नेहमी नाही. औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत पीएसए थोडा वर जाऊन मग खाली येतो, असंही होतं. त्यामुळे जाणकार मंडळी पहिल्या बारा आठवड्यांतल्या वाढीवरून निकाल लावत नाहीत. आणि उलटही घडतं. एन्झालुटामाइडच्या प्रीव्हेल नावाच्या मोठ्या अभ्यासात ज्या पेशंटचा आजार स्कॅनवर वाढलेला दिसला, त्यांच्यापैकी जवळपास चौथ्या हिश्श्याचा पीएसए वाढलेलाच नव्हता. म्हणजे पीएसए शांत आहे म्हणून स्कॅन करायचाच नाही, हेही चालत नाही.

आता स्कॅनकडे येऊ. इथे एक गोष्ट नीट समजली की बाकीचं सोपं जातं. स्कॅनच्या यंत्राला कॅन्सर थेट दिसत नसतो. प्रत्येक यंत्र कॅन्सरची एखादीच खूण पकडतं. कुणी हाडाची दुरुस्ती बघतं, कुणी गाठीचा आकार, कुणी पेशीच्या अंगावरचं एखादं प्रथिन, कुणी साखरेची भूक.

बोन स्कॅन : दुरुस्ती बघणारं यंत्र

बोन स्कॅनमध्ये हाताच्या शिरेत टेक्नेशियम नावाचा किंचित किरणोत्सारी पदार्थ टोचतात. तो हाडाला चिकटणाऱ्या रसायनाला जोडलेला असतो. दोन-तीन तास थांबायचं, पाणी प्यायचं, लघवीला जाऊन यायचं, मग कॅमेऱ्याखाली वीस-तीस मिनिटं पडून राहायचं. हा पदार्थ जिथे जिथे नवं हाड तयार होतंय तिथे जास्त जमा होतो, आणि चित्रात तिथे काळा डाग दिसतो.

२०१९ च्या ऑगस्टमधला पूर आठवा. कराडपासून सांगलीपर्यंत किती घरांत पाणी शिरलं होतं. समजा एक ड्रोन आकाशातून फक्त दारापुढचे वाळूचे ढीग मोजतोय. पाणी भरलेलं असताना त्याला काय दिसणार? थोडेफार ढीग. पाणी ओसरल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी? गल्लोगल्ली वाळू, सिमेंट, विटा. ड्रोनच्या हिशेबाने नुकसान वाढलं. खरं तर पूर केव्हाच उतरलाय आणि लोक घरं नीट करतायत. दिवाळी-ईद उलटली की ढीग आपोआप कमी होतात.

बोन स्कॅनचं अगदी असंच असतं. औषधाने हाडातला कॅन्सर मरायला लागला की शरीर तिथली झीज भरून काढायला घेते, नवं हाड रचते, आणि तेवढ्या काळापुरते डाग जास्त गडद दिसतात. आधी जे डाग इतके बारीक होते की कॅमेऱ्याला दिसलेच नव्हते, तेही आता उठून दिसतात आणि रिपोर्टमध्ये ‘नवे’ म्हणून नोंदले जातात. डॉक्टर याला ‘फ्लेअर’ म्हणतात. इलाज सुरू केल्यापासून पहिल्या तीनेक महिन्यांत हे जास्त दिसतं.

हे किती वेळा होतं? अबिरॅटेरोनवरच्या २०११ साली छापलेल्या एका छोट्या अभ्यासात, तीन महिन्यांत पीएसए निम्म्याहून खाली आलेल्या २३ पेशंटचे बोन स्कॅन बघितले गेले. त्यातल्या १२ जणांच्या रिपोर्टमध्ये आजार वाढल्याचं लिहिलं होतं. पुढच्या स्कॅनमध्ये त्या १२ पैकी ११ जणांचं चित्र सुधारलेलं किंवा स्थिर निघालं. अभ्यास लहान आहे, हे खरं. तरी बारापैकी अकरा घरांत त्या पहिल्या कागदावरून औषध बंद झालं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करा.

या गोंधळावर उपाय म्हणून प्रोस्टेट कॅन्सर वर्किंग ग्रुप या आंतरराष्ट्रीय गटाने २००८ साली एक नियम घातला आणि २०१६ मध्ये तो सुधारला. बोलीभाषेत त्याला ‘दोन अधिक दोन’ म्हणतात. इलाजानंतरच्या पहिल्या स्कॅनमध्ये दोन किंवा जास्त नवे डाग दिसले तरी लगेच हार मानायची नाही. किमान सहा आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करायचा. त्यात आणखी दोन नवे डाग आले, तरच आजार खरोखर वाढला असं धरायचं. नाही आले, तर पहिले डाग बहुधा दुरुस्तीचे होते, आणि पुढची तुलना त्या स्कॅनशी करायची. हा नियम औषधांच्या चाचण्यांसाठी बनलाय. दवाखान्यात डॉक्टर त्यासोबत पेशंटचं दुखणं, वजन, चालणं-फिरणं, पीएसए हेही बघतात. दुखणं वाढतंय, पीएसएही चढतोय आणि डागही वाढलेत, अशा वेळी फ्लेअरच्या आशेवर बसणं बरोबर नाही.

बोन स्कॅनचे आणखी दोन गैरसमज इथेच सांगतो. मोटरसायकलवरून पडून मोडलेली बरगडी, झिजलेला गुडघा, मणक्याचा संधिवात, हे सगळं बोन स्कॅनवर डाग म्हणून दिसू शकतं. म्हणून स्कॅनच्या आधी जुन्या मोडतोडीची माहिती सांगायलाच हवी. आणि दुसरं, कधी कधी सगळी हाडं इतकी व्यापलेली असतात की चित्र एकसारखं काळसर दिसतं, वेगळा डाग असा दिसतच नाही. अनोळखी माणसाला ते स्वच्छ वाटतं. तज्ज्ञाला किडन्या पुसट झालेल्या दिसतात आणि तो ओळखतो.

सीटी स्कॅनचं काम वेगळं. तो लसीका ग्रंथी, यकृत, फुप्फुस यांतल्या गाठींचा आकार मोजतो. लसीका ग्रंथीची आडवी रुंदी दीड सेंटिमीटर किंवा जास्त असेल तरच ती मोजमापात धरतात. निवडलेल्या गाठींच्या मापांची बेरीज ३० टक्क्यांनी घटली की चांगला प्रतिसाद, कमीत कमी मापाच्या तुलनेत २० टक्के वाढली की आजार वाढला, अशी साधारण मोजपट्टी आहे. मधलं सगळं ‘स्टेबल डिसीज’. हा शब्द वाचून पुष्कळ घरांत निराशा होते, पण पसरलेल्या कॅन्सरमध्ये स्थिर राहणं ही वाईट बातमी नाही. हाडांच्या बाबतीत मात्र सीटी अडखळतो. बरं होणारं हाड सीटीवर जास्त पांढरं, घट्ट दिसतं, रिपोर्टात ‘स्क्लेरोटिक’ असं येतं, आणि ते नवं डाग समजलं जाण्याचा धोका तिथेही असतो.

पीएसएमए पेट : चांगलं यंत्र, पण त्याचेही नखरे

गेल्या दहा वर्षांत सगळ्यात जास्त बोलबाला झाला तो पीएसएमए पेट स्कॅनचा. प्रोस्टेट कॅन्सरच्या बहुतेक पेशींच्या अंगावर पीएसएमए नावाचं प्रथिन भरपूर असतं. त्याला जाऊन चिकटेल असा रेणू घ्यायचा, त्याला गॅलियम-६८ किंवा फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी कण जोडायचा आणि टोचायचा. गॅलियम ६८ मिनिटांत निम्मा होतो, फ्लोरिन ११० मिनिटांत. म्हणून अशा तपासणीची वेळ दिली की त्या वेळेला हजर राहावंच लागतं. एसटी चुकली म्हणून दुपारी गेलो तर औषध संपलेलं असतं.

अमेरिकेत गॅलियमच्या या तपासणीला डिसेंबर २०२० मध्ये मंजुरी मिळाली. आपल्याकडे मोठ्या केंद्रांत ती त्याच्या आधीपासून वापरात होती. टाटा हॉस्पिटलमध्ये रेडिएशनबद्दल झालेल्या २२४ पेशंटच्या एका अभ्यासात बहुतेकांचा आजार कुठवर गेलाय हे याच पेटने ठरवलं होतं. मुंबईला हे सगळं आधी येण्याचं कारणही आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून परळला आहे, आणि देशातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन यंत्र २००२ साली तिथेच बसलं.

आता या स्कॅनमधले सापळे. सगळ्यात जास्त फसगत होते ती तुलना करताना. इलाजाच्या आधी अब्बांचा साधा बोन स्कॅन झाला होता, त्यात तीन डाग होते. सहा महिन्यांनी कुणी सुचवलं म्हणून पुण्याला जाऊन पीएसएमए पेट केला, त्यात नऊ आले. घरात रडारड. पण पेटला जे बारीक दिसतं ते बोन स्कॅनला दिसतच नाही. ते नऊ डाग पहिल्या दिवसापासून तिथेच असू शकतात. घटक चाचणीचे मार्क आणि बोर्डाच्या पेपरचे मार्क शेजारी ठेवून मुलगा घसरला असं कुणी म्हणत नाही. तुलना करायची तर बोन स्कॅनची बोन स्कॅनशी, पेटची पेटशी, आणि जमलं तर त्याच सेंटरमधल्या त्याच यंत्राशी. रिपोर्टमध्ये एसयूव्ही नावाचा आकडा असतो, डाग किती चमकतोय ते सांगणारा. दोन वेगळ्या सेंटरचे एसयूव्ही जुळवून बघण्यात फारसा अर्थ नाही.

दुसरा सापळा वेळेचा. हार्मोनचा इलाज सुरू झाल्यावर सुरुवातीच्या काही आठवड्यांत पेशींवरचं पीएसएमए वाढू शकतं. पेशी मरायला लागलेल्या असताना डाग मात्र जास्त झळकतो. म्हणून इलाजाचा परिणाम बघायला पेट करायचा तर साधारण तीन महिने जाऊ द्यावेत, असं तज्ज्ञ सांगतात.

तिसरा सापळा सगळ्यात फसवा. कॅन्सर जुना आणि हट्टी झाला की काही पेशी पीएसएमए गमावतात. मग पीएसएमए पेटवर डाग विझतात आणि घरात पेढे वाटले जातात, पण आजार आत वाढत असतो. अशा वेळी दुसरा पेट, म्हणजे साखरेचा, एफडीजी पेट कामाला येतो. तो साखर खाणाऱ्या पेशी दाखवतो. पीएसएमएवर अंधार आणि साखरेवर उजेड, असं चित्र दिसलं तर डॉक्टर गंभीर होतात. पीएसए कमी असून यकृतात नव्या गाठी आल्या, वजन घटलं, तर या शक्यतेचा विचार होतो.

एक गोष्ट नाहक घाबरवते, म्हणून सांगतो. पीएसएमए पेटच्या रंगीत चित्रात लाळेच्या ग्रंथी, डोळ्यांजवळच्या अश्रूग्रंथी, किडन्या, मूत्राशय लालभडक दिसतात. तो कॅन्सर नव्हे, तिथे हे औषध नेहमीच जमा होतं. फ्लोरिनच्या काही प्रकारांत बरगडीवर एखादा फिका ठिपका दिसतो, तोही पुष्कळदा निरुपद्रवी असतो. चित्रावरून घरी अंदाज बांधू नये.

हाच चिकटणारा रेणू इलाजालाही वापरतात. त्याला ल्युटेशियम-१७७ जोडलं की तो कॅन्सरच्या पेशीपर्यंत जाऊन तिथेच किरणांचा मारा करतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या व्हिजन या ८३१ पेशंटच्या अभ्यासात, इतर इलाज थकलेल्या लोकांचं मधलं आयुष्य त्यामुळे ११.३ महिन्यांवरून १५.३ महिन्यांवर गेलं. आकडा मोठा नाही, पण त्या टप्प्यावर चार महिने काय असतात ते त्या घरालाच माहीत. ल्युटेशियम आपल्याच ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं. त्याची सोय अशी की ते गॅमा किरणही सोडतं, त्यामुळे डोस दिल्यावर कॅमेऱ्याखाली झोपवलं की औषध नेमकं कुठे पोहोचलं ते दिसतं. डोसागणिक डाग फिके होतायत की नाही, हे त्यावरून कळतं. लाळेच्या ग्रंथींतही ते जात असल्याने तोंड कोरडं पडतं. आणि पीएसएमए गमावलेल्या पेशींना त्याचा काही उपयोग नाही, म्हणून आधी पेट करून बघावाच लागतो.

स्कॅनच्या दिवशीचं थोडं. बोन स्कॅन आणि पीएसएमए पेटला सहसा उपाशी राहावं लागत नाही, उलट भरपूर पाणी प्यावं लागतं. रमजानमध्ये तारीख आली तर सेंटरला आधी सांगा. आजारी माणसाला रोजा नंतर पूर्ण करायची सवलत कुरआनमध्येच आहे, त्यामुळे पाणी न पिता स्कॅन करून घेण्याचा हट्ट बुजुर्गांना करू देऊ नका. साखरेच्या पेटला मात्र चार ते सहा तास उपाशी राहावं लागतं, आणि मधुमेहाच्या गोळ्या-इन्सुलिनबद्दल आधी विचारावं लागतं. सीटीच्या इंजेक्शनआधी किडनीची तपासणी करतात, ती टाळू नये. स्कॅन करून घरी आल्यावर त्या दिवसापुरतं नातवंडांना मांडीवर घेऊ नये आणि घरात गरोदर बाई असेल तर थोडं अंतर ठेवावं. ल्युटेशियमनंतर हे पथ्य काही दिवस पाळावं लागतं, किती ते सेंटर लिहून देतं.

आणि कागदपत्रांची पिशवी. कराडला कृष्णा रुग्णालय, मिरजेचं सिद्धिविनायक गणपती कॅन्सर हॉस्पिटल, नाहीतर महालक्ष्मी एक्स्प्रेसने रातोरात मुंबई, कुठेही जा, पण इलाज सुरू होण्याआधीचा पहिला स्कॅन सोबत हवा. नुसता रिपोर्ट पुरत नाही, सीडी हवी, कारण नव्या डॉक्टरला जुनं चित्र स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असतं. घर बदलताना, रंगकाम करताना पहिली सीडी हरवते आणि मग पुढची सगळी तुलना लंगडी पडते. पीएसएचे आकडे तारखेसकट एका वहीत लिहून ठेवा. कुठलं इंजेक्शन, कुठली गोळी कधी सुरू झाली तेही. फ्लेअर आहे की नाही हे ठरवताना डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात, की औषध सुरू होऊन किती आठवडे झाले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे पुष्कळ इलाज बसतात. कुठली तपासणी बसते आणि कुठली नाही, ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला स्कॅनच्या आधी विचारा, बिल झाल्यावर नाही. पेटचा खर्च बोन स्कॅनच्या कितीतरी पट असतो. म्हणून ‘या स्कॅनच्या निकालाने इलाजात काही बदल होणार आहे का’, हे डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

वर सहा आठवडे थांबा, तीन महिने जाऊ द्या, असं बरंच लिहिलं. एका बाबतीत मात्र एक दिवसही थांबायचं नाही. पाठीत एकाएकी जोराची कळ, पायांतली ताकद कमी होणं, चालताना पाय लटपटणं, मांड्यांना किंवा बसायच्या जागेला बधिरपणा, लघवी-शौचाला अडणं किंवा नकळत होणं, यातलं काहीही झालं तर मणक्यातल्या गाठीने मज्जारज्जू दाबला गेला असण्याची शक्यता असते. त्याला बोन स्कॅन नव्हे, मणक्याचा एमआरआय लागतो, तोही त्याच दिवशी. वेळेत स्टिरॉइड, रेडिएशन किंवा ऑपरेशन झालं तर माणूस आपल्या पायांवर चालत राहतो. पाय पूर्ण गेल्यावर ते परत येण्याची शक्यता फार कमी उरते. रात्री अकरा वाजता असं झालं तर सकाळच्या ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत न्या आणि पहिल्याच वाक्यात सांगा की यांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, हाडांत गेलेला आहे.